समजल्याची सही

"तुला विचार करायला ठेवलेलं नाही. वाचायला ठेवलंय. वाच."

साहेब हे बत्तीस माणसांसमोर म्हणाले. माझ्या हातातला कागद ओढून घेतला, माझ्याच छातीवर ठेवला आणि मी पकडेपर्यंत दोन बोटांनी दाबून धरला. मग शेजारच्या इंजिनिअरला, आवाज जराही न उतरवता: "ह्या लोकांना थोडं पुढे केलं की हे असं होतं."

ह्या लोकांना म्हणजे कुणाला, ते लाइनवर सगळ्यांना कळलं. माझं आडनाव शर्टावर शिवलेलं होतं.

चाकणच्या एका कंपनीत मी लाइन लीडर होतो. गाड्यांच्या ब्रेकचे भाग जोडायची लाइन. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं सगळे उभे राहायचे, मी ऑफिसातून आलेला कागद वाचायचो आणि मग प्रत्येक जण वहीत सही करायचा. वहीत छापलेलं, 'मला समजले.' कुणाला काय समजलं, हे कधी कुणी विचारलं नाही. सही पाहिजे, बस.

त्या दिवशी कागदावर होतं, 'ऑर्डरबाबत काळजीचे कारण नाही. अफवांवर विश्वास ठेवू नये.' आणि दोन मशिनं महिनाभर झाकून ठेवलेली. मी एवढंच विचारलं होतं, साहेब, कंत्राटी लोकांना काय सांगू, ते मलाच विचारतात.

मी वाचलं. आवाज चिरका निघाला, पण वाचलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

चहाच्या सुट्टीत सुनीताताई आल्या. लातूरकडच्या, कंत्राटी, तीन वर्षं माझ्याच लाइनवर. हळूच म्हणाल्या, "दादा, पोरीला गावाकडनं आणून इथल्या शाळेत घालावं म्हणतेय. काम राहतंय ना? खरं सांगा."

मला माहीत नव्हतं. तेवढंच म्हणायचं होतं. पण ती दोन बोटं अजून छातीवर होती. मी म्हणालो, "कागद ऐकला ना? सही केली ना? मग झालं. तुम्हाला विचार करायला ठेवलेलं नाही."

त्या "बरं" म्हणाल्या आणि मशीनकडे गेल्या.

माझे वडील पिंपरीतल्या एका कंपनीत झाडू मारायचे. जन्मभर त्या फाटकातून मान खाली घालून आत गेले. शर्टावर नाव असलेला आमच्या घरातला पहिला मी. काळेवाडीत, आमच्या खोलीत, भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे. त्या संध्याकाळी मी त्याच्याकडे पाठ करून जेवलो.

तीन आठवड्यांनी सुनीताताईंच्या कार्डानं फाटक उघडलं नाही. अकरा कंत्राटी माणसांची नावं काढली होती. मी फाटकाच्या आत होतो, त्या बाहेर. पोरगी गावाहून आली होती, शाळेत नाव घातलं होतं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "दादा, तुमच्या तोंडून ऐकलं म्हणून खरं वाटलं."

पुढच्याच आठवड्यात कंपनीनं साहेबांसकट आम्हा सगळ्या लीडरना तळेगावजवळच्या एका हॉटेलात शिबिराला नेलं. विषय असा, की अनिश्चित काळात लीडरनं स्वतःला कसं ओळखावं आणि माणसांशी कसं बोलावं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, समोरच्याला लागलं असेल असं तुमचं एक वाक्य लिहा. साहेबांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "मी कधी कधी जरा जास्तच स्पष्ट बोलतो." टाळ्या पडल्या.

मी लिहिलं, 'तुम्हाला विचार करायला ठेवलेलं नाही.' लिहून बघत बसलो. हे वाक्य साहेबांकडून आलं तेव्हा माझा अपमान झाला होता. ताईंना मी तेच ऐकवलं तेव्हा मला, खरं सांगतो, लीडर झाल्यासारखं वाटलं होतं. बरं वाटलं होतं. त्या एसीत मला लाजेनं घाम फुटला. राग नंतर आला. तो अजून आहे.

सोमवारी पुन्हा कागद. पुन्हा काळजीचे कारण नाही. साहेब मागे हात बांधून उभे. मी शेवटपर्यंत वाचला आणि म्हणालो, "हे ऑफिसनं लिहिलंय. पुढचं मला काहीच माहीत नाही. मागच्या वेळी माहीत असल्यासारखं बोललो, ते खोटं होतं. सुनीताताईंना मी फसवलं."

साहेब जवळ आले. "वही भर आणि ऑफिसात ये."

मी वही घेतली. माझ्या नावापुढच्या 'मला समजले'वर रेघ मारली. खाली लिहिलं, 'समजलेले नाही. उत्तर पाहिजे.' रांगेत माझ्या मागे असलेला बीडचा एक कंत्राटी कामगार पेन धरून बराच वेळ थांबला आणि मग नुसती सही करून गेला. मी त्याला बोल लावत नाही. त्याचं कार्ड उद्या चालायला हवं.

लीडरकी गेली. मी परत मशीनवर आहे आणि माझ्यावर नोटीस आहे. फाटक तेच, बस तीच. सुटलो वगैरे काही नाही. ताईंचं काम मी परत आणू शकलेलो नाही. दुसरी नोकरी बघ, म्हणून बायको रोज सांगते, आणि तिचंही खरं आहे.

पण रोज सकाळी वही माझ्यासमोर येते. मी रोज रेघ मारतो. काढायचं तर काढा. न समजलेल्या कागदावर माझी सही मिळणार नाही, आणि साहेबांचं ते वाक्य माझ्या तोंडून पुन्हा कुणी ऐकणार नाही.