पट्ट्यावरची जागा

मी आणि माझी थोरली जाऊ नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत बी निवडायला जायचो. फिरत्या पट्ट्यावरून मक्याचं बी सरकत यायचं, त्यातला किडका, फुटका दाणा वेचून बाजूला टाकायचा. लग्न होऊन आले तेव्हा हे काम मला तिनंच मिळवून दिल्तं.

मागच्या हंगामात तिथं कॅमेऱ्याचं मशीन आलं. खराब दाणा दिसला की ते हवा सोडून त्याला उडवून लावायचं. सुरुवातीला आम्ही बाया कौतुकानं बघत उभ्या राहिलो. चहाच्या सुट्टीपर्यंत त्यानं आमचं दिवसभराचं काम उरकलं, तेव्हा मात्र एकेक बाई तिथून मागं सरली.

सुपरवायझरनी सांगितलं, आता थोड्याच बाया लागतील, एका घरातली एकच राहील. माणूस वाईट नव्हता. सांगताना खाली बघत होता. मी काही बोलायच्या आत जाऊ म्हणाली, "हिला ठेवा साहेब. हिची लेकरं ल्हान हायेत."

घरी येऊन मी तिच्याशी भांडले. तिनं ऐकलं नाही. ती आणि दीर अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडं ऊसतोडीला गेले. अंगानं ती आधीच थकलेली, कोयता तिनं कधी हातात धरला नव्हता. आणि तिथंही मोठाल्या फडांत तोडणीचं मशीन फिरत होतं. तोडणाऱ्या टोळीच्या वाट्याला उरायचा तो आडवा पडलेला, चिखलातला, जिथं मशीन जाईना असा ऊस. हंगाम अर्धा असतानाच दोघं परतले. तिच्या तळहातांकडं मला बघवत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी सुपरवायझरच्या पुढं जाऊन उभी राहिले. झाडू मारायला का होईना, तिला घ्या म्हणाले. त्यांनी मला बसायला सांगितलं.

"ताई, पोती भरायचं मशीनबी येऊन राह्यलंय," ते म्हणाले. "तुमचंच किती दिवस हाये, ते मला सांगता येत न्हाई. माझं मलाच ठाऊक न्हाई."

घरी मी कुणाला सांगणार नव्हते. पण जावेनं माझा चेहरा बघितला आणि दार लोटून घेतलं. मंग मी सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली.

"मंग आपण दोघींनी जायचं तरी कुठं गं?"



आता ती सकाळी मजुरांच्या नाक्यावर उभी असते. ठेकेदार आधी गडी उचलतात, मंग तरण्या बाया. मला कामावर नेणारा ऑटो तिथूनच जातो. ऑटो जवळ आला की ती पदर सारखा करत पाठ फिरवते, आणि मीबी दुसरीकडं बघते. पट्ट्यावर तिच्या जागी आता कुणीच बसत नाही.