आमच्याच वाट्याला माती

डोंगरकड्याच्या बौद्धवाड्यातला जळबा गवंडी सहजासहजी कुणावर विसंबत नसे. बहात्तरच्या दुष्काळी कामावर मुकादमानं त्याला एका पुलाच्या सिमेंटमध्ये राख कालवायला लावली होती, आणि तो पूल पुढच्याच पावसाळ्यात वाहून गेला होता.

तीन वर्षांनी वस्तीवर सोळा घरं बांधायला पुण्याची एक कंपनी आली. तिचे इंजिनियर माणिकराव यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की विटा भाजायला झाडं तुटतात आणि डोंगर आधीच बोडका झालाय. म्हणून भट्टी लावायची नाही. इथलाच मुरूम चुन्यात कालवायचा, लोखंडी साच्यात दाबायचा आणि सावलीत वाळवायचा. लोकांनी माना डोलावल्या. जळबा उठला.

"साहेब, गावातल्या शाळेला सिमेंट, अन् आमच्याच वाट्याला माती काहून?"

मग तोच पुढं म्हणाला, "आधी तुमचं हापिस बांधा त्याच मातीत. मंग बघू."

माणिकरावांनी ते मान्य केलं. ऑफिसची भिंत वाळल्यावर ती पावसात टिकेल का हे बघायला जळबा आणि त्याची बायको चतुराबाई रोज भिंतीच्या कोपऱ्यावर पाण्याच्या घागरी ओतू लागले. सहाव्या दिवशी कोपरा ढासळला. ढेकूळ फोडलं तर आत शेतातली काळी माती. डोंगरापर्यंतची खेप टाळायला कंपनीच्या मुकादमानं ती जवळूनच उचलली होती.

"काळी माती पाण्यानं फुगती अन् वाळली की उलती, साहेब," एवढं बोलून जळबानं ढेकूळ टेबलावर ठेवलं.

माणिकरावांनी सगळ्यांदेखत भिंत पाडायला लावली, मुकादमाला घरी धाडलं आणि माती पारखायचं काम जळबावर सोपवलं. उद्या काही बिघडलं तर खापर आपल्यावर फोडायला हे चाललंय, असं जळबाला वाटलं. तरी त्यानं काम घेतलं. दुसऱ्या कुणाच्या हाती ते देणं त्याला त्याहून धोक्याचं वाटत होतं.

दुसरी भिंत महिनाभर पाणी खाऊन उभी राहिली. वर्षभरात झाड न तोडता सोळा घरं झाली. नव्या घरात कधी जायचं, असं चतुराबाईनं तीनदा विचारलं, पण जळबा झोपडी सोडेना.

मग गावच्या पंचांनी नवी चावडी तशाच विटांची मागितली. तिचा पाया भरून भिंत छातीइतकी येईपर्यंत जळबा रोज बघून येत होता. एक दिवस घरी परतला आणि चतुराबाईला म्हणाला, "गावाच्याबी वाट्याला तीच माती आली. चल, चूल हलवू."