दाभणाची सुट्टी

दातात सुतळी धरून ताडपत्रीवाल्या काकी जेवढं बोलायच्या, तेवढं आम्हाला मोकळ्या तोंडानं जमलं नसतं. कळंबोलीत ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचं त्यांचं दुकान. बाई साताऱ्याकडची, शाळा चौथीपर्यंत. एखादा ड्रायव्हर घाई करायला लागला, की सुतळी न काढताच त्याची खरडपट्टी.

मी बी.कॉम. होऊन नोकरीसाठी वणवण करत होते, तेव्हा त्यांनीच मला दाभण धरायला शिकवलं. खंडेनवमीला त्या दाभण, कात्री, मशीन पुजायच्या आणि मला दरवर्षी चिडवायच्या, "तुझी डिगरी आण गं, तिलाबी कुंकू लावू! पण दसरा झाला की तीबी कामाला आली पायजे." मला राग यायचा. डिगरी घरी कपाटातच राहायची.

पुढं बंद कंटेनर वाढले आणि ताडपत्रीचं काम आटत गेलं. दुकान टिकेल की नाही, अशी वेळ आली. तेवढ्यात महाप्याच्या एका कंपनीनं कव्हरं शिवायचं मोठं काम देऊ केलं. अट एकच, कारागिराकडं सर्टिफिकेट हवं. "घेऊ दे की परीक्षा, मी भिते व्हय?" काकी म्हणाल्या. परीक्षक आज येतो, उद्या येतो करत नेमका खंडेनवमीला उगवला. दाभण ताटात, झेंडूच्या फुलांत बसलेलं.

"सायेब, च्या घ्या, परसाद घ्या. आज हत्याराला हात लावत न्हाय. दसरा झाला की या, दिवसभर शिवून दावते."

"मग मला गैरहजर लिहावं लागेल."

"गैरहजर कशी? ही काय तुमच्याम्होरं उभी हाय!"

त्यानं लिहिलं. काम गेलं. मी रडकुंडीला आले, "काकी, चार टाके घातले असते तर काय बिघडलं असतं?"

"वरीसभर दाभण माझं ऐकतंय. एक दिस मी त्याचं ऐकू नको?"

मग आम्ही मंडपाची कापडं शिवली, करावे गावच्या होड्यांवरची आच्छादनं शिवली. हट्टानं दुकान चालू ठेवलं. आता बिलं, जीएसटी मीच बघते. डिगरीही कामाला लागली म्हणायची.

उन्हाळ्यात काकी गेल्या. अजून सुतळी दातात धरली की डोळे भरून येतात.

यंदा खंडेनवमीला दाभणाशेजारी मी माझी डिगरी ठेवली, तिलाही हळदकुंकू वाहिलं. तेवढ्यात एका कंपनीचा माणूस दारात. "मॅडम, सर्टिफिकेट वगैरे आहे ना? सॅम्पल आजच शिवून पाहिजे. अर्जंट आहे."

"सर्टिफिकेट ते बघा, ताटात आहे. आज त्याला सुट्टी, दाभणालाही सुट्टी. दसरा झाला की या."

"मग काम दुसरीकडे जाईल."

"जाऊ दे की!" मी म्हणाले, आणि त्याच्या हातावर प्रसाद ठेवला.