ओहोटी नसलेला समुद्र

समुद्र अनुभवायला समुद्राकाठीच राहावे लागते, ही समजूत आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाभींनी खोटी पाडली. रियाधच्या चहूबाजूंना वाळू. तरी भाभींच्या घरी रोज भरती येते, रत्नागिरीकडच्या त्यांच्या गावच्या खाडीची. तिच्या वेळा त्यांना तोंडपाठ आणि साऱ्या इमारतीला बंधनकारक. पीठ भिजवायचे पाणी चढताना. भांडायचे उतरताना, म्हणजे भांडणही लवकर ओसरते. माझा नवरा शहरातल्या ओलाया भागातल्या एका कंपनीत मुलाखतीला निघाला, तेव्हा त्याला त्यांनी जिन्यातच अडवले. "ओहोटीत मोठं काम काढत नाहीत, भाऊ. टेका जरा, चहा घ्या." तो उशिरा पोहोचला, मुलाखत घेणारे साहेब त्याच्याहून उशिरा आले. नोकरीचा पहिला पेढा अर्थातच वर गेला.

एकदा कोलंबी सोलता सोलता त्यांनी या हट्टामागचे कारण सांगितले. त्यांचे वडील तांडेल, होडीवरचे प्रमुख. एकदाच घाईने उतरत्या पाण्यावर होडी लोटली, आणि ते परतले नाहीत. तेव्हापासून घरातले माणूस दर्यावर पाठवायचे ते भरतीलाच. आणि त्याच घरातली, भाभींची लेक पोलंडमधल्या ग्दिनिया बंदरात जहाज चालवायला शिकते. तिथल्या उन्हाळी समुद्रोत्सवात तिचे शिडाचे जहाज पहिल्या लांबच्या सफरीला निघणार होते. भाभींचे यजमान, भाई, मदिनेतल्या हॉटेलात नोकरीला; त्यांना सुटी मिळेना, म्हणून भाभींसोबत मी गेले.

धक्क्यावर डांबराचा, धुरी दिलेल्या माशांचा, ओल्या दोरांचा वास दाटला होता. पांढरी शिडे वाऱ्यात फडफडत होती. भाभी भेटेल त्याला आपल्या कोकणी मराठीत सांगत होत्या, "ती बघा, डोलकाठीवर चढलीय ना, ती माझी." फुगे विकणाऱ्या एका आजीबाईंना त्यातले अक्षरही कळले नसावे, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग भाभींनी धक्क्याच्या पायऱ्या उतरून पाण्यालगतच्या दगडावर काजळाच्या कांडीने रेघ ओढली आणि भरतीची वाट पाहत बसल्या. बँड वाजून गेला, भाषणे झाली, रेघ कोरडीच. "कुणी बांधून ठेवलंय काय याला?"

निरोप घ्यायला लेक खाली आली. "अम्मी, या समुद्राला भरती नसल्यातच जमा आहे. मी सांगितलं होतं तुला."

भाभींचा चेहरा उतरला. जहाजाचा भोंगा झाला. लेक हलली नाही. "तू 'जा' म्हटल्याशिवाय मी चढणार नाही."

भाभी रेघेकडे पाहत राहिल्या. "भरती नाही, तर ओहोटीपण नाही ना, गो?"

"नाही."

"मग याला काय विचारायचं? जाऊन ये."

शिडे दिसेनाशी होईतो त्या ताठ उभ्या होत्या, सारे जहाज आपणच हाकत असल्यासारख्या.

आता लेक कुठल्या ना कुठल्या समुद्रावर असते. धुळीने पिवळ्या पडलेल्या संध्याकाळी भाभी गच्चीत दिसतात. बाहेर पडताना मी मान वर करून विचारते, "भाभी, पाणी कसं आहे?"

"चढतंय," त्या म्हणतात. हल्ली नेहमीच चढत असते. त्या वेळी त्यांच्या गावची खाडी कधी कधी चिखलापर्यंत रिकामी असते, हे मला ठाऊक आहे. त्यांनाही असणारच. मी खुशाल निघते.