तांबडी उजव्या खांद्यावर

वर्गात शिकवताना मी त्याला ‘तांबडा राक्षसी तारा’ म्हणते. दक्षिणेकडच्या त्रिशंकू या तारकासमूहातला सगळ्यात वरचा. म्हातारा होऊन फुगलेला, फुगून लाल झालेला. पुस्तकात एवढंच आहे. आमच्या घरात त्याला तांबडी म्हणतात, आणि तांबडीबद्दल माझी आई जे जाणते ते कुठल्याच पुस्तकात नाही, हे मी छाती पुढे काढून सांगते. कुणाला मिरवणं वाटलं तर वाटू दे.

आम्ही जतकडचे मेंढपाळ. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोडीवर लादायचं, मेंढरं लोणंद-खंडाळ्याकडे आणायची, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी बसवायची आणि वैशाखात, पावसाच्या आधी, माघारी जायचं. पुरुष मेंढरांबरोबर मागे, आणि घोडीचा दोर धरून पुढे चालायचं ते बाईनं. वैशाखाच्या उन्हात मेंढरू पाय उचलत नाही, म्हणून दिवस मावळल्यावर निघायचं. तेव्हा तांबडी दक्षिणेला वर आलेली असते. तिला उजव्या खांद्यावर ठेवून चालत राहिलं की आपला मुलूख येतो. आता रस्ते झाले, मोबाईल आले. पण डांबरावर ट्रकच्या तोंडी मेंढरं कोण घालणार? आई अजून रानारानानंच नेते. चाळीस वर्षं दोर तिच्या हातात आहे आणि बिऱ्हाड एकदाही भलत्या गावाला लागलेलं नाही.

मी त्या वाटेवरून फुटले, शिकले, खंडाळा तालुक्यात शाळेवर लागले. गेल्या वैशाखात दादाचा फोन आला. “सुट्टीच हाय तुला. लोणंदला तळावर ये. आईचं काय ते ठरवायचंय.”

गेले तर दोघांचं जुंपलेलं. दादाचं म्हणणं, आईला दिसत नाही, पुढ्यातली कपबशीसुद्धा चाचपडते. यंदा तिला गाडीत बसवून जतला पाठवू, दोर वहिनी धरेल.

“एकदा गाडीत घातलंस की परत रानात येऊ देशील व्हय?” आई म्हणाली. “घरात कोंबशील मला.”

तिचं काही खोटं नव्हतं. चार भिंतीत खाटेवर बसवली असती तर वर्षभरात ती खचून गेली असती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. तोडगा शेवटी तिनंच काढला. मला म्हणाली, “तू मास्तरीण हायस न्हवं? घे परीक्षा. तांबडी दावली तर दोर माझा. न्हाई दावली तर गप गाडीत बसते.”

जेवणं झाली. आई बांधावर जाऊन उभी राहिली. तोंड जरा इकडं, जरा तिकडं फिरवलं, हात ताठ केला, एका मुठीवर दुसरी अर्धी मूठ ठेवली आणि बोट रोखलं. “ती बघ. आज लय तांबडी दिसतीया.”

मी बोटाच्या रेषेत बघितलं. तिथं ढग होता, चांगला जाडजूड.

पोरं धडा न वाचता पाठ केलेलं उत्तर ठणकावून देतात, ते मला लगेच ओळखू येतं. आईला तारा दिसत नव्हता, आणि ढगही दिसत नव्हता. खोटं बोलावं, पास करून टाकावं, असं मनात आलं, हे कबूल करते. पण तेवढ्यात दादाच बोलून गेला, “आये, तिथं ढग हाय.”

आईनं हात खाली घेतला नाही. तशीच उभी राहिली. थोड्या वेळानं ढग सरकला, आणि तिच्या बोटाच्या टोकावर तांबडी होती. तसूभरही इकडे तिकडे नाही.

“हाय की तिथंच,” दादा पुटपुटला.

“असणारच. वारा उजव्या गालावर घेतला की तोंड तिकडं होतंया. जेवणं आवरली की ती जमिनीच्या कडंपासनं दीड मूठ वर. त्याला डोळं कशाला लागत्यात?”

“कधीपासून दिसत नाही?” मी विचारलं.

“ती? तीन वैशाख झालं.”

तीन वर्षं दादा बायको-पोरं आणि दोनशे मेंढरं घेऊन तिच्या मागून बिनघोर चालत आला होता. “आये, बोलायचं तरी.”

“बोलले असते तर तवाच गाडीत घातलं असतंस.”

दोर तिचाच ठरला, पण डोळे तरी दाखवू म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिला साताऱ्याला नेलं. मोतीबिंदू होता. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी पंधरा दिवस धुळीत जायचं नाही म्हणून बजावलं, तेव्हा मी तिला माझ्या घरी ठेवून घेतलं. आईला डोळ्याची काळजी नव्हतीच. आपल्याला टाकून बिऱ्हाड पुढे जाईल, या धास्तीनं तिला जेवण जाईना. मलाही तेच वाटत होतं. आभाळ भरून यायला लागलं होतं. सोबतची दोन बिऱ्हाडं निघून गेली. नांगरट करायची म्हणून रानमालक दादाच्या मागं लागला. दादानं तळ शेजारच्या माळावर हलवला, पण लोणंद सोडलं नाही.

“कशाला थांबलायस रं?” असं जो तो विचारायचा.

“आमच्या म्होरं चालणारी दवाखान्यातनं यायची हाय,” दादा सांगायचा.

सोळाव्या दिवशी काळा चष्मा लावलेल्या आईला घेऊन मी माळावर पोचले, तेव्हा घोडी लादून तयार होती. दादानं दोर आईच्या हातात दिला आणि मेंढरांच्या मागं जाऊन उभा राहिला.