ती टेकडी माझी होती

हे मी आजवर कुणापाशी बोललेली नाही. नवऱ्याला सांगितलं असतं कदाचित, पण तो तेव्हा नव्हता — आणि तो नव्हता म्हणूनच तर हे सगळं झालं. देवासमोरही बोलत नाही. हात जोडते, डोळे मिटते, आणि मन इथपर्यंत आलं की घाईघाईने दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. मग तुम्हाला का सांगतेय? आपली ओळख नाही म्हणून असेल.

माझं माहेर पनवेलजवळच्या नेऱ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. खाली भातशेती, शेताला लागून घर, आणि घराच्या मागून चढत गेलेली टेकडी. वरकस जमीन ती. भात नाही, नाचणी झाली तर झाली, बाकी गवत आणि करवंदीच्या जाळ्या. टेकडीच्या पोटात एक झरा होता. त्याचं पाणी पलीकडच्या उतारावरून ठाकरवाडीत जायचं. वैशाखातसुद्धा तो कधी आटला नाही. अख्खी वाडी त्याच्यावर जगायची.

दहावीनंतर मला शिकायचं होतं. आबांनी दादाला शिकवलं, मला नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी, माझ्या लग्नानंतर, आबांनी ती टेकडी माझ्या नावावर केली. म्हणाले, "तुला शिकवलं नाय मी, सुमन. ही टेकडी तुजी." कोण किंमत करणार होतं तेव्हा गवताची? दादानेही हरकत घेतली नाही. आबा गेल्यावर तोच गवत कापायचा, त्याचीच गुरं तिथं चरायची. गावाला ती दादाचीच वाटायची. मलाही त्यात काही वाटत नव्हतं.

खरंच, काही वाटत नव्हतं. हे लक्षात ठेवा — मी जमिनीसाठी भांडणारी बाई नव्हते.

दादाची मुलगी रूपाली कॉलेजला पनवेलला आली तेव्हा आमच्याकडेच राहिली. वडाळे तळ्याजवळ आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. आम्हाला मूलबाळ नाही. तिच्या केसांना तेल मी लावलं, तिला ताप आला तेव्हा उशाशी मी बसले, तिने पहिल्यांदा साडी नेसली ती माझी. नवरा उरणला बंदरात कामाला होता. तो तिच्यासाठी येताना कोळंबी आणायचा. एक दिवस तो ड्युटीवरून आला, चहा ठेव म्हणाला, आणि चहा उतू जाईपर्यंत संपलेला होता.

त्यानंतर वर्षभरातच रूपालीचं लग्न ठरलं.

आमच्या घरात हळदीचा पहिला हात आत्याचा. मला माझ्या आत्याने लावली, तिला तिच्या आत्याने. मंडपात धवलारीण लग्नाची गाणी गात होती, पोरगी पाटावर बसली होती, हळदीची वाटी माझ्या हातात होती. दादा आला. त्याने माझ्या हातातून वाटी काढून घेतली — हिसकावली नाही, हळूच काढून घेतली, लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घ्यावी तशी. म्हणाला, "सुमन, तू मागं थांब जरा. लोक बघतान."

वाटी त्याने वहिनीच्या बहिणीकडे दिली. जिने रूपालीला आयुष्यात चार वेळा पाहिलं असेल, तिने पहिली हळद लावली. मी मागे गेले. बायका वडे थापत होत्या, त्यांच्यात बसले आणि वडे थापले. पाटावरून रूपाली विचारत होती, "आत्या कुठं हाय?" वहिनी म्हणाली, "कामात हाय."

तुम्ही म्हणाल, एवढंच? हो, एवढंच. दादाने शिवी दिली असती, हात धरून बाहेर काढलं असतं, तर मी भांडले असते आणि विसरलेही असते. पण तो किती सहज बोलला! जणू मी आता अशीच असणार, हे त्याने आणि गावाने मिळून कधीच ठरवलं होतं, मलाच तेवढं कळवायचं राहिलं होतं.

तेव्हा माझ्यात काहीतरी दगड झालं. अजून आहे.

त्या सुमाराला आमच्या भागात दगडाला सोन्याचे दिवस आले होते. विमानतळ, नवे रस्ते, उड्डाणपूल, टॉवरवर टॉवर — सगळ्यांना खडी हवी होती. नेऱ्याच्या रस्त्यावर गाड्या फिरायला लागल्या. माझ्याकडे दोघं आले. एक मुंबईचा गृहस्थ. त्याला टेकडीवर फार्महाऊस बांधायचं होतं. झाडं लावीन म्हणत होता, झऱ्याला धक्का लावणार नाही म्हणत होता, आणि पैसेही जास्त देत होता. दुसरा खाणवाला.

मी खाणवाल्याला घरात बसवून चहा दिला. विचारलं, "सुरुंगाचा आवाज खाली घरापर्यंत जातो का?" त्याला वाटलं, मला काळजी आहे. घाईघाईने म्हणाला, "नाही हो ताई, अजिबात त्रास नाही कुणाला. धूळ बसायला पाणी मारतो आम्ही."

आणि मी हिरमुसले. खोटं कशाला बोलू? त्रास नाही म्हटल्यावर माझं मन खट्टू झालं. मग मी मनाशी म्हटलं, धंदेवाला आहे, असंच सांगणार. आणि सही केली.

वाडीचा विचार आला का माझ्या मनात? आला. झरा डोळ्यांसमोर आला, आणि मी त्याच्यावरून पुढे गेले. रस्त्यात कुणी ओळखीचं दिसावं आणि आपण मान वळवावी, तशी.

खाणवाला खोटंच बोलला होता. दिवाळीनंतर काम सुरू झालं आणि होळीपर्यंत टेकडीचं अर्धं अंग कापलेलं होतं. सुरुंग उडाला की दादाच्या घराची कौलं सरकायची, भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. पुढच्या हंगामात क्रशरची धूळ भातावर बसली — लोंब्या धरायच्या वेळी शेत पांढरं. गुरं तो चारा खाईनात. आणि एके दिवशी झरा बंद झाला. आटत आटत नाही. सुरुंग लागला आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी आलंच नाही.

वाडीची माणसं दादाच्या अंगणात जमली. गावही जमलं. दादा सांगत होता, जमीन माझी नाही, सुमनच्या नावावर आहे, मला विचारलंही नाही. म्हणून त्यांनी मला देवळात बोलावून घेतलं.

आता इथे मला थोडं थांबू द्या.

— मी पांढरी साडी नेसून गेले. मुद्दाम. एरवी मी रंगीत नेसते. देवळाच्या सभामंडपात खाली मान घालून बसले. पोलीस पाटलांनी विचारलं, टेकडी खाणीला तू दिलीस का? मी म्हटलं, "मला काय कळतंय जमिनीतलं? दादानं सांगितलं तिथं सही केली."

एवढंच वाक्य. रडलेसुद्धा नाही. रडायची गरज नव्हती. बहीण सही करते ती भाऊ बोट ठेवील तिथे, हे त्या मंडपातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यातल्या कितीजणांनी आपापल्या बहिणींच्या सह्या तशाच घेतल्या होत्या! माझं खोटं त्यांना खोटं वाटणार कसं? त्यांच्या घरचंच खरं मी त्यांना सांगत होते.

दादा उठून उभा राहिला. "खोटं हाय! आईची शप्पत, खोटं हाय!" कुणीतरी म्हणालं, "विधवा बहिणीला लुबाडतोस नि वर शपता घेतोस?" मग गलका झाला. त्याला खाली बसवलं.

बाहेर पडताना तो माझ्याजवळ आला. मला वाटलं, मारील. पण आवाज अगदी खाली आणून त्याने विचारलं, "हळदीचं का गं, सुमन?"

म्हणजे त्याला माहीत होतं. त्या दिवशीही माहीत होतं, आपण काय करतोय ते. मी पदर सारखा केला आणि चालू लागले. सांगू का? टमटममध्ये बसल्यावर मला भूक लागली. कडकडून. कित्येक महिन्यांनी मी पोटभर जेवले त्या दिवशी.

गावाने दादाला जत्रेची वर्गणी मागायची सोडली. त्याच्या लावणीला कुणी येईना. रूपालीने तर बापाशी बोलणंच टाकलं. आपल्या आत्याला फसवलं, हे तिच्या मनातून जाईना. तिला मुलगा झाला, बारशाला तिने मला पुढे बसवलं. सगळ्या सासरच्यांसमोर म्हणाली, नाव माझी आत्याच ठेवणार. मी बाळाच्या कानात नाव सांगितलं. दादाला बोलावणं नव्हतं. मी तिला एका शब्दाने सांगू शकले असते. नाही सांगितलं. बाळाच्या कानाशी वाकलेली असताना माझ्या मनात बाळ नव्हतं, दादा होता. तो आत्ता घरी बसून काय करत असेल, हे होतं.

पण गोमीचं काय करू?

गोमी ठाकरवाडीची. आम्ही दोघी लहानपणी त्या टेकडीवर करवंदं खायचो. ती पनवेलच्या बाजारात रानभाज्या विकायला यायची. झरा गेल्यावर वाडीच्या बायका पाण्यासाठी डोंगर उतरून रस्त्यापर्यंत जायला लागल्या, आणि मग एकेक घर खाली निघून आलं. आता गोमीचं घर खारघरकडे, एका बांधकामाच्या कडेला, पत्र्याचं. तिची सून त्याच बांधकामावर खडी वाहते. कुठली खडी, ते मी विचारलेलं नाही.

मागच्या जूनमध्ये ती बाजारात दिसली. पावसाळी शेवळं घेऊन बसली होती, बरोबर त्यांच्या भाजीत घालायची आंबट काकडंही. मला पाहून उठली. माझा हात धरून दादाला शिव्या घातल्या — त्याचं वाटोळं होईल, पाण्यासाठी तडफडेल म्हणाली. मग माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "तुला फसवला गं बाय त्यानं. काय करशील? आपलंच दात नि आपलंच ओठ."

शेवळांचे पैसे तिने घेतले नाहीत. मी दोनदा पुढे केले. तिने पिशवी माझ्या हातात कोंबली.

मी ती घरी आणली. निवडली, काकडं घालून भाजी केली, आणि खाल्ली. नीट शिजवली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात. नाही खाजली. छान झाली होती.

गोमीचं मला वाईट वाटतं. रात्री जाग येते ती तिच्यामुळे. दादाचं वाटत नाही. वाटावं म्हणून मी प्रयत्न करून पाहिला. तो आता खोकतो म्हणतात, घरातून फारसा बाहेर पडत नाही. ऐकते, आणि मनात जे उठतं त्याला दया म्हणता येणार नाही. हातातून काढून घेतलेली ती वाटी अजून तिथेच आहे. दादाने जे केलं त्याची शिक्षा त्याला व्हावी असं मला वाटलं होतं. जे त्याने केलंच नाही, त्याची शिक्षा तो भोगतोय, आणि माझं त्यावरही भागतंय.

टेकडी मी दिली. जास्त पैसे देणाऱ्या माणसाला परत पाठवून दिली. देवळात खोटं मी बोलले. दादाला यातलं काहीही माहीत नव्हतं.

हे गावात जाऊन सांगायचं तर पनवेल स्टँडवरून नेऱ्याच्या गाड्या दिवसभर सुटतात. मी गेलेली नाही.