मामीची नंबरवाली भाजी

जेवायला वाढलं की मामी माणसाच्या तोंडाकडे बघत नसे, गळ्याकडे बघायची. ताट पुढ्यात ठेवायचं, कमरेवर हात देऊन उभं राहायचं आणि पहिला घास खाली उतरतो की नुसताच घोळतो ते पाहायचं. "तोंड गोड बोलतं माय, गळा खोटं बोलत न्हाई," हे तिचं ठरलेलं वाक्य. पाहुणा असो, जावई असो की बियाण्याच्या कंपनीचा साहेब, तिच्यासमोर घास घोळवायची कोणाची टाप नव्हती. मी सख्खी भाची, पण मलाही सूट नव्हती. मामी आता नाही. तरी कोणी ताट वाढलं की मी आजही आधी घास गिळते आणि मग बोलते.

अंबडच्या अलीकडे मामांचं गाव. थोडी मोसंबीची बाग आणि दोन शेडनेट. आमच्याकडे शेडनेट म्हणजे बियाण्याचं. कंपनी रोपं देते, बाया हातानं फुलाला फूल लावतात, फळ झाडावरच पार पिकू द्यायचं, मग चिरून बी काढायचं. बी कंपनीला, गर जनावरांना. त्यामुळे झालं असं, की ढोबळी मिरची, झुकिनी असली शहरी फळं मामीनं वर्षानुवर्षं पिकवली आणि जिभेवर एकदाही ठेवली नाहीत. वाणाला नावही नसायचं, नुसता नंबर. घरात शिजायचं ते वांगं नाहीतर पिठलं. मामांचं तर तत्त्वच होतं, "माणसानं वांगं खावं, न्हाईतर उपाशी ऱ्हावं."

मग मामांच्या पायाच्या अंगठ्याची जखम काही केल्या भरेना. जालन्याला दाखवलं तर साखर भयंकर वाढलेली. डॉक्टरांनी गोड बंद केलं, भात-बटाटा कमी करायला सांगितला, निरनिराळ्या भाज्या खा म्हणाले, भरपूर पाणी प्या म्हणाले. परत येताना रिक्षात मामीनं माझा हात गच्च धरला आणि म्हणाली, "हा माणूस मला अजून पाह्यजे गं." पोराचं लग्न झालेल्या बाईच्या तोंडून असलं काही मी पहिल्यांदाच ऐकत होते. मामा पुढे रिक्षावाल्याशेजारी बसले होते. त्यांनीही ऐकलं असणार, कारण ते एकदम दुकानांच्या पाट्या वाचायला लागले.

घरी गेल्या गेल्या मामीनं मोर्चा वळवला तो शेडनेटबाहेरच्या गराच्या ढिगाकडे. "जनावरं मिटक्या मारून खातात, मंग आमच्याच माणसानं काय घोडं मारलं?" फवारणी कधी झाली हे विचारल्याशिवाय ती फळाला हात लावायची नाही, एवढं मात्र पक्कं. पिकलेली लाल मिरची लगेच जमली. गाडी अडली ती झुकिनीवर. बियाण्याची झुकिनी म्हणजे चांगली थोराड, दुधीएवढी, सालीत नख रुतत नाही. मामी बी काढून उरलेल्या तिच्या फाकी विळ्यानं तोडायची, कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या घ्यायची, वरून काळा मसाला आणि शेंगदाण्याचं कूट.

"ही भाजी हाय का पाट हाय?" मामा विचारायचे.

"नंबरवाली हाय. गुमान खा."

आणि तिची नजर गळ्यावर. मामा बिचारे गिळायचे. मीही गिळली आहे. खरं सांगते, सुंभाला फोडणी दिली तर याहून बरं लागेल!

पुढे एकदा मामी माझ्याकडे जालन्यात आली होती. स्टेशनच्या रस्त्यावर एका भाजीच्या गाड्यावर बोटभर लांबीच्या कोवळ्या, तुकतुकीत झुकिनी मांडलेल्या. मामी भडकलीच. "आरं भाऊ, ही लेकरं कामून तोडून आणली? बी तरी धरू द्यायचं व्हतं!"

भाजीवाला तिच्याकडे बघतच राहिला. "मावशी, अशीच खातात. मोठी झाली का निबर व्हती, मंग कोण खातंय तिला?"

मामीनं आधी माझ्याकडे बघितलं, मग गाड्याकडे. मग जी हसत सुटली, ती पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. मीही हसत होते, भाजीवालाही. आणि एकदम ती गप्प झाली. "म्हंजी इतके दिवस मी त्यांना लाकूड चारून राह्यले," ती म्हणाली. "अन् त्या माणसानं एकदाबी ताटात टाकलं न्हाई गं." भर रस्त्यात तिचे डोळे वाहायला लागले. मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

झुकिनी काही तिनं विकत घेतली नाही. घरची असताना विकतची कशाला? शेडनेटमध्ये फूल न लावताच आपोआप धरलेली फळं, त्यांचं बी अस्सल निघत नाही म्हणून, कंपनी कोवळीच खुडून टाकायला लावते. दुसऱ्या दिवसापासून ती मामीच्या ओट्यावर यायला लागली. मेथीसारखं पीठ पेरून केलेली ती भाजी मामांनी आपणहून मागून घेतली. वांग्याचं तत्त्व त्या दिवशी मोडीत निघालं.

पाण्याचा उद्योग त्यानंतरचा. मामांना गोड चहा आणि एसटी स्टँडवरची कोल्ड्रिंकची बाटली सुटेना. मामीनं मोबाइलवर कुठंतरी बघितलं, की पाण्यात फळांच्या चकत्या टाकून ठेवायच्या आणि ते दिवसभर प्यायचं. झालं! काचेची बरणी घासली, त्यात मोसंबीच्या चकत्या, काकडी, पुदिना. बरणी मूळची लोणच्याची. मामा एक घोट घेऊन म्हणाले, "मोसंबीला कैरी लागली का काय?" पुढचे कितीतरी दिवस ती बरणी उन्हात उपडी पडली होती.

वास गेला आणि मामांना ते पाणी आवडायला लागलं. बाटली घेऊन ते पारावर जायचे. लोक काय सोडतात? "पाटील, रंगीत मिळायला लागली वाटतं!" मामा बूच उघडून पुढे करायचे, "घ्या की. बिलकुल चढत न्हाई, उलट उतरती." अंगठ्याची जखम भरली. मामा पुन्हा बागेत फिरायला लागले. मामीच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत जे तेज होतं, ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. मामांनी पाण्याची बाटली मागितली की ती लगबगीनं उठायची, नव्या नवरीसारखी.

पण साखर आतल्या आत आपलं काम करून बसली होती. मामांच्या पायांवर सूज आली, दम लागायला लागला. तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, किडन्या गेल्यात. आता पाणी मोजून द्यायचं. मोसंबी बंद. भाज्याही सांगू तेवढ्याच. मामीनं जे जे म्हणून शोधलं होतं, ते ते डॉक्टरांनी एकेक करून काढून घेतलं. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी एवढंच विचारलं, "साहेब, माझ्या भाजीपाण्यानंच झालं का हे?"

"नाही हो आजी. तुमच्यामुळे तर ते इतके दिवस धडधाकट राहिले."

मीही तिला परोपरीनं सांगितलं. ती मान डोलवायची, पण पटलं नव्हतं. बरणी तिनं माळ्यावर टाकली.

उन्हाळा लागला. बागेत मोसंबीनं झाडं वाकलेली, आणि मामांना दिवसाकाठी मोजकं पाणी. ओठांना सालपटं आलेली. मी भेटायला गेले तेव्हा ते लहान मुलासारखे म्हणत होते, "ते मोसंबीचं पाणी दे की गं. एकच घोट दे." मामी म्हणाली, "चालत न्हाई तुम्हाला. बरे व्हा, मंग बरणीभर देते." आणि गोठ्यात गेली. तिच्या रडण्याचा आवाज मला ऐकू येत होता. मामांनाही येत असावा. त्यांनी पुन्हा मागितलं नाही.

त्याच आठवड्यात मामा गेले. मामी रडली नाही. आलेल्या-गेलेल्याला पाणी देत होती, कोण जेवलं कोण राहिलं ते बघत होती. बायका आपसात कुजबुजल्या, हिला रडवा कोणीतरी.

दहाव्याच्या सकाळी नैवेद्याचं ताट भरायला घेतलं. भावकीतली एक म्हातारी म्हणाली, "त्यांच्या जिवाला जे जे आवडायचं ते ठेवा, कशातबी आशा राह्यला नको." विलास, त्यांचा मुलगा, जालन्याहून गरम जिलेबी घेऊन आला होता. त्यानं एक कडं ताटात ठेवलं. तोच मामी भिंतीपासून उठली, पुढे आली आणि तिनं ते कडं उचललं.

"साखर चालत न्हाई त्यांना," ती म्हणाली.

विलासनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आई," तो म्हणाला, "आता चालतं."

मामीनं हातातल्या जिलेबीकडे बघितलं. पाक मनगटावर ओघळत होता. तिनं ते कडं ताटात ठेवलं. मग पुडक्यातून दुसरं काढून ठेवलं, मग आणखी एक. ताटात जागा उरली नाही तरी ती ठेवतच राहिली.

"खा," ती म्हणाली. "खा आता पोटभर. मी न्हाई अडवत." आणि मग ती रडली.